चांदी खरी निघाली, पण रुपया खरा आहे का? जुनी नाणी घेण्यापूर्वी पारखायची कशी

जुना रुपया विकणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट पटवून देत असतो: चांदी अस्सल आहे. कसोटीच्या दगडावर घासून दाखवतो, हवं तर सराफाकडे चला म्हणतो. सराफ तपासतो आणि चांदी खरंच अस्सल निघते. घेणारा तिथेच निर्धास्त होतो. पण तो रुपया दोन वर्षांपूर्वी पाडलेला असू शकतो. पूजेसाठी आणि भेट देण्यासाठी राणीछाप (व्हिक्टोरियाच्या) आणि पंचम जॉर्जच्या रुपयाच्या प्रतिकृती आजही चांगल्या चांदीत पाडल्या जातात. प्रतिकृती म्हणून त्या विकण्यात काही गैर नाही. मात्र तोच तुकडा चार हात फिरून, मुद्दाम काळवंडवून, जुन्या पितळी डब्यातून बाहेर निघतो तेव्हा त्याची किंमत नाण्याची सांगितली जाते.

म्हणून धातूची परीक्षा ही पारखीचा एक भाग आहे, पूर्ण पारख नाही. नाणं कसं पाडलं गेलं आणि पाडल्यानंतर त्याचं काय काय झालं, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचायला शिकणं हेच खरं काम. इथे मुख्यतः १८३५ ते १९४७ या काळातल्या कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या रुपयाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात त्याच्यापासूनच होते. शिवराईबद्दल, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याबद्दल, पुढे स्वतंत्र सांगतो, कारण तिची पारख अगदी वेगळ्या वाटेने जाते.

आधी एकच मालिका धरा

सगळ्या काळातली सगळी नाणी एकदम शिकायला गेलात तर काहीच शिकून होणार नाही. पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२० मधले रुपये घ्या. ते भरपूर पाडले गेले, आजही सहज मिळतात आणि साधारण दर्जाच्या नाण्याचा भाव त्यातल्या चांदीच्या मोलापेक्षा फार वर जात नाही. अशी तीनचार नाणी खात्रीच्या विक्रेत्याकडून, पावतीसह घ्या. एखादं चांगलं झिजलेलं, एखादं स्वच्छ, एखादं काळपट झालेलं. हीच तुमची पाठ्यपुस्तकं. पुढे कुठलंही संशयित नाणं समोर आलं की ते या खऱ्या नाण्याशेजारी ठेवायचं. नुसते फोटो पाहून डोळा तयार होत नाही. उठाव किती आहे, कडेला बोट लावल्यावर कसं लागतं, वजन तळहातावर कसं जाणवतं, हे सगळं हातातच कळतं.

ज्यांना विकत घेण्याआधी नुसतं पाहायचं आहे त्यांनी मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय पाहावं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस काढलात तरी तो वाया जाणार नाही.

हाताशी काय असावं

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबलावरचा दिवा. एक जोरकस निओडिमियम चुंबकही ठेवा. एवढ्यात भागतं. तीसपट, चाळीसपट भिंगं सुरुवातीला घेऊ नका. त्यात नाण्याचा इतका लहान तुकडा दिसतो की एकूण छाप नजरेतून सुटते.

नाणं नेहमी कडेला धरायचं. खाली मऊ कापड असावं. विक्रेत्याच्या टेबलावर त्याचं नाणं तुमच्या हातून पडलं तर पुढचं सगळं बोलणंच बिघडतं.

वजन, व्यास आणि पाण्यातलं वजन

ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. १८३५ पासून १९३९ सालच्या रुपयापर्यंत चांदीचं प्रमाण ९१.७ टक्के. १९४० पासून ते एकदम ५० टक्क्यांवर आलं, वजन मात्र तेच राहिलं. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. तो चुंबकाला चिकटतो. चिकटत नसेल आणि कुणी "हा चांदीतला दुर्मिळ आहे" म्हणत असेल, तर तिथून उठा.

चांगल्या स्थितीतला रुपया ११.६ च्या वर भरतो. फार झिजलेला त्याहून थोडा खाली येतो, पण झीज आणि वजन यांचा मेळ बसला पाहिजे. चेहऱ्यावरचा प्रत्येक केस दिसतोय आणि वजन ११.१ भरतंय, हे जमत नाही. उलट नाणं जड भरलं तरी संशय घ्या. खरं नाणं वापरून हलकं होतं, जड होत नाही. गळ्यात घालण्यासाठी लावलेल्या कडीची झाळ (जोडाचा धातू) चिकटून राहिली असेल तरच वजन वाढतं.

इथे एक सावधगिरी. वजनाचा आकडा ज्या मालिकेचा, त्याच मालिकेला लावायचा. हैदराबाद संस्थानाचा चारमिनारछाप रुपया ११.१७ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के चांदीचा असतो. तो हलका भरला म्हणून खोटा नव्हे.

वजन जुळवणं नक्कल करणाऱ्यालाही जमतं. जाडी वाढवली की झालं. म्हणून वजनासोबत घनता पाहायची, आणि ती घरी पाहता येते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला साधारण १.१३ ग्रॅम येतात, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. ५० टक्के चांदीच्या रुपयाला १.२२ च्या जवळपास येतात, घनता साधारण ९.५. तांब्यानिकेलवर चांदीचा मुलामा असेल तर १.३१, पितळ असेल तर आकडा आणखी वर जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा फसवतो, म्हणून नाणं पाण्यात हलकेच हलवून बुडबुडे सोडवा आणि दोनतीनदा मोजा. बाजारात उभ्या उभ्या हे शक्य नसतं. पण महागाचं नाणं असेल आणि विक्रेता परतीची तयारी दाखवत असेल, तर घरी आणल्यावर ही परीक्षा आधी करायची.

चुंबकाचं काम थोडं. चांदी चिकटत नाही, पण तांबं आणि पितळही चिकटत नाहीत, तेव्हा न चिकटण्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याहून बरी परीक्षा म्हणजे नाणं तिरकं धरून त्यावरून छोटा निओडिमियम चुंबक सोडायचा. जास्त चांदी असेल तर तो अडखळत, सावकाश उतरतो.

आवाजाची परीक्षा मला फारशी आवडत नाही. खणखणीत वाजणारं नाणं खोटं असू शकतं, आणि बारीक चीर गेलेलं खरं नाणं बद्द वाजतं. शिवाय दगडी फरशीवर टाकून पाहणं म्हणजे कडेला ठेच लावून घेणं. करायचीच असेल तर नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्या, तेही विक्रेत्याला विचारून.

साल आणि राजा जुळतात का

ही परीक्षा सगळ्यात स्वस्त, आणि पुष्कळ नकला इथेच गळतात. सोप्या खुणा लक्षात ठेवा.

चौथ्या विल्यमचा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया १८३५ सालचा. त्याच्या नावापुढचा चारचा रोमन आकडा चार उभ्या रेघांनी काढलेला असतो, तो खोटेपणाचा पुरावा समजू नका. व्हिक्टोरियाचा कंपनीचा रुपया १८४० सालचा, त्यावर तिच्या डोक्यावर मुकुट नाही. कंपनीची सत्ता गेल्यावर १८६२ पासून मुकुटधारी राणी आली, तिच्या नावापुढे 'क्वीन'. हे १८६२ साल नंतर बारा वर्षं तसंच छापलं जात राहिलं. चलनातल्या रुपयांवर दरवर्षीचं साल १८७४ पासून दिसू लागतं, त्यामुळे १८६८ वगैरे सालाचा 'बाजारात फिरलेला' रुपया दाखवला तर पुढे बघायची गरज नाही. १८७७ पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' येतं, कारण तिने सम्राज्ञी हा किताब घेतला. १८७७ च्या आधीचं साल आणि 'एम्प्रेस' एका नाण्यावर दिसले की ते नाणं नाही.

सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० सालचे, मुकुट नसलेलं डोकं. पंचम जॉर्ज १९११ पासून. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती असा आखूड सोंडेचा उतरला की लोकांना ते डुक्कर वाटलं. त्यावर ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीचं चित्र सुधारलं. म्हणून १९११ चा रुपया हातात आला की आधी भिंग अंगरख्यावर न्या. सुधारलेला, स्पष्ट सोंडेचा हत्ती आणि साल १९११ असेल तर सालाचा आकडा बदललेला आहे किंवा अख्खं नाणंच बनावट आहे. जॉर्जचे रुपये १९२२ पर्यंत, त्यातले १९२१ आणि १९२२ चे कमी मिळतात. मग मोठा खंड, आणि पुढचं साल दिसतं ते थेट १९३८, सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्यासह.

टांकसाळीची खूणही पाहा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे सालाच्या खालच्या फुलाशी उठावाचा बारीक ठिपका. तो नसेल तर नाणं कलकत्त्याचं. व्हिक्टोरियाच्या रुपयांत मुंबईचा 'बी' फुलाच्या नक्षीत दडलेला असतो, कधी उठावाचा, कधी खोदलेला. १८६२ च्या रुपयावरचे सालाखालचे ठिपके, चेहऱ्याचे आणि नक्षीचे प्रकार हा अभ्यास मोठा आहे. एका ठिपक्याच्या फरकासाठी ज्यादा पैसे मागितले जात असतील तर तो अभ्यास होईपर्यंत तसं नाणं घेऊ नका.

भिंगाखाली: पाडलेलं की ओतलेलं

आता मुख्य भागाकडे येऊ. कलदार रुपया यंत्राच्या दाबाने पाडला जातो. दोन पोलादी ठशांमध्ये चांदीची चकती दाबली जाते आणि धातू ठशाच्या खाचांत वाहत जातो. त्यामुळे अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या राहतात आणि अक्षर जिथे जमिनीला मिळतं तिथला कोपरा धारदार असतो. न वापरलेल्या नाण्याच्या मोकळ्या जागेत मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा असतात. दिव्याखाली नाणं फिरवलं की त्यावरची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ही चमक घासून, पॉलिश करून किंवा रसायनात बुडवून आणता येत नाही.

ओतीव नक्कल खऱ्या नाण्याचा साचा घेऊन केलेली असते. वितळलेला धातू साच्यात थंड होताना त्यात हवेचे कण अडकतात. भिंगाखाली मोकळ्या जागेत बारीक खड्डे किंवा पुटकुळ्या दिसतात. अक्षरांचे कोपरे गोलसर, भरलेले वाटतात. नाणं झिजलेलं दिसतं, पण झीज चुकीच्या जागी असते: खऱ्या झिजेत उंच भाग सपाट होतात आणि खोलगट भाग तीक्ष्ण राहतात, ओतीवात मात्र खोलातली नक्षीसुद्धा बोथट असते. एका नाण्यावर हा फरक नीट पाहायचा असेल तर राजाच्या नावातलं एखादं अक्षर निवडा आणि त्याच्या आतल्या बंद पोकळीत पाहा. तिथे बोट पोचत नाही, तिथे वापराने झीज होत नाही. ती पोकळी स्वच्छ आणि कोपऱ्याकोपऱ्यात टोकदार असायला हवी.

ठशाने पाडलेल्या नकला अधिक अवघड, कारण त्यांत हे खड्डे नसतात. तिथे अक्षरांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, कडेजवळच्या दाण्यांची संख्या आणि अंतर हे खऱ्या नाण्याशी जुळवावं लागतं. फोनवर दोन्ही नाण्यांचे सरळ वरून फोटो काढा, एकाच मापाचे करा आणि एकामागून एक पाहा. डोळ्याला न दिसलेला फरक असा लगेच उडी मारून समोर येतो.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका: दोन वेगवेगळ्या नाण्यांवर एकच ओरखडा, एकच ठेच, त्याच जागी. एका विक्रेत्याकडे एकाच सालाची पाचसहा नाणी असतील तर ती ओळीने मांडून पाहा. वापरातून आलेला डाग प्रत्येक नाण्याचा स्वतःचा असतो. तो जुळला तर सगळी एकाच साच्यातून आली आहेत.

कड

लोक दोन बाजू पाहतात आणि तिसरी सोडून देतात. नक्कल करणाऱ्याला ते ठाऊक असतं. रुपयाच्या कडेवरच्या खाचा एकसारख्या, सरळ, टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या असतात. ओतीव नाण्याच्या कडेला मध्यभागी जोडाची रेघ दिसते किंवा ती कानशीने घासून काढल्याच्या आडव्या खुणा दिसतात. खाचा काही ठिकाणी पुसट, काही ठिकाणी दाट, असंही दिसतं. १९४० पासूनच्या सर्वसाधारण रुपयांच्या कडेला खाचांच्या मध्ये फिरणारी वेगळी खोबण दिली गेली. चांदी कमी केल्यावर नकला वाढू नयेत म्हणून ती सुरक्षेची कड होती.

या कडेचा उपयोग लगेच पुढच्या नाण्यात होतो.

१९३९ चा रुपया

सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया फार कमी मिळतो आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. आपल्याकडच्या नवख्या संग्राहकाला सगळ्यात मोठा फटका बहुधा याच नाण्यात बसतो. तीन वाटांनी ते बनवलं जातं: १९४० नंतरच्या रुपयाचं साल बदलून, १९३८ चा शेवटचा आकडा कोरून, किंवा अख्खं नाणं नव्याने करून.

पहिल्या प्रकाराला कड उघडी पाडते. १९३९ च्या रुपयाची कड साध्या खाचांची असते. मधली खोबण दिसली की विषय संपला. घनताही साडेनऊच्या जवळ येईल, कारण त्या नाण्यात निम्मीच चांदी आहे. दुसऱ्या प्रकारात धातू आणि कड दोन्ही बरोबर असतात, म्हणून भिंग शेवटच्या आकड्यावर ठेवा. नऊची शेपटी आधीच्या नवाशी जुळते का? दोन्ही नऊ एकाच उंचीचे आहेत का? आकड्याभोवतीची जमीन खरवडल्यासारखी, बाकीच्या भागापेक्षा वेगळ्या चमकेची आहे का? तिरक्या प्रकाशात इथे बारीक ओरखड्यांचा पुंजका दिसला तर तिथे हत्यार चाललेलं आहे. तिसऱ्या प्रकाराला वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा लावा.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षात हे नाणं घेऊच नका. घ्यायचंच झालं तर नामांकित लिलावातून किंवा मान्यताप्राप्त दर्जांकन संस्थेच्या (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) बंद पेटीतून घ्या, आणि पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. बनावट पेट्याही असतात. खऱ्या क्रमांकाची चिठ्ठी खोट्या पेटीत घातलेली असते, म्हणून नुसता क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नका.

झीज, आणि ती मोजायची कशी

नाणं खरं आहे हे ठरलं की भाव ठरतो तो दर्जावर. त्यासाठी प्रत्येक छापाचे उंच भाग माहीत हवेत, कारण झीज तिथून सुरू होते. राणीछाप रुपयात कानावरचे केस, गाल आणि मुकुटाची वरची बाजू. एडवर्डच्या रुपयात कानाच्या वरचे केस आणि कान फार लवकर सपाट होतात. पंचम जॉर्जच्या रुपयात भुवई, मिशी, कान, मुकुटाच्या पट्ट्यातली रत्नं आणि अंगरख्यावरचा तो हत्ती. हत्तीचा पाय आणि सोंड स्पष्ट वेगळी दिसत असतील तर नाणं चांगल्या दर्जाचं. हत्ती नुसता उंचवटा राहिला असेल तर ते भरपूर फिरलेलं.

विक्रेते दर्जा नेहमी एक पायरी वर सांगतात, तेव्हा त्यांचं लेबल न वाचता आधी आपण ठरवावं. 'न वापरलेलं' म्हणून दाखवलेल्या नाण्याच्या गालावर दिवा तिरका पाडा. तिथे बाकीपेक्षा मंद, करडा डाग दिसला तर नाणं हातांतून गेलेलं आहे. कधीकधी ठसाच पुरता उमटलेला नसतो, त्यामुळेही उंच भाग सपाट दिसतो. पण मग त्या सपाट जागेवरही चमक तशीच असते. झिजलेल्या जागेवर ती नसते.

घासलेली आणि कडी काढलेली नाणी

आपल्याकडे रुपये पेटीत ठेवले गेले तसे गळ्यातही घातले गेले. कडी लावून हारात ओवलेली नाणी पुढे कडी काढून विकायला येतात. नाणं खरंच असतं, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं मोल मोठ्या प्रमाणात उतरलेलं असतं. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, कडेला पाहा. खाचा तिथे भरलेल्या असतील, घासून पुन्हा काढलेल्या असतील, किंवा आसपासच्या चांदीचा रंग पिवळसर असेल तर तिथे झाळ होती. भोक बुजवलेल्या नाण्यात त्या जागेची अक्षरं बाकीच्यांपेक्षा वेगळ्या हाताची वाटतात.

दुसरा प्रकार घासलेल्या नाण्यांचा. चिंच, राख, पितांबरी, दातांची पावडर, काय वाटेल ते लावून नाणी लख्ख केली जातात. दिसायला सुंदर, पण भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले असंख्य बारीक ओरखडे. हे नुकसान कायमचं. नैसर्गिक काळपटपणा हळूहळू येतो, अक्षरांच्या भोवती दाट आणि उंच भागावर विरळ असतो. कृत्रिम काळपटपणा सगळीकडे सारखा, किंवा भडक निळा-जांभळा असतो आणि ओरखड्यांच्या आत शिरलेला दिसतो. काळं पण न घासलेलं आणि लख्ख पण घासलेलं अशी दोन नाणी समोर असतील, तर काळं घ्या. सराफांनी पारखण्यासाठी मारलेले छोटे छाप मात्र मला खटकत नाहीत. ते त्या नाण्याच्या वापराचा भाग आहेत, भाव थोडा कमी होतो इतकंच.

शिवराईची पारख

शिवराई हाताने ठोकून पाडलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ती शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ, वेगवेगळ्या टांकसाळींत पाडली जात राहिली, म्हणून अक्षरांची वळणं, लेखनाच्या तऱ्हा आणि वजनं कमालीची वेगवेगळी. 'शिव' ऐवजी 'सिव' असलं म्हणून ती खोटी नाही. आणि शिवराई दिसली म्हणून ती महाराजांच्या हयातीतलीच, हेही खरं नाही. तसं सांगून ज्यादा भाव मागणाऱ्याला विचारा, कशावरून? उत्तर अक्षरांच्या वळणातून आणि ठिपक्यांच्या वर्तुळातून यायला हवं, आजोबांच्या गोष्टीतून नको.

इथे वजनाचा आणि गोलाईचा फारसा उपयोग नाही. घाव पाहा. हातोड्याच्या घावाने तांबं कडेला फाकतं, बारीक चिरा पडतात, ठसा एका बाजूला सरकलेला असतो आणि ठशापेक्षा चकती लहान असल्याने अक्षरं अर्धवट कापली जातात. सगळी अक्षरं नेमकी मध्यभागी, कड गुळगुळीत गोल आणि चिरा नाहीत, अशी शिवराई संशयास्पद. मग हिरवा-काळा थर पाहा. तो शतकाभरात धातूतून आलेला असेल तर कठीण आणि धातूशी एकजीव असतो. रंगवलेला असेल तर अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच टिपल्यावर कापसाला रंग लागतो. विक्रेता हे करू देत नसेल तर त्यातून काय समजायचं ते समजा.

सोन्याच्या शिवकालीन होनाबद्दल एकच सांगणं. खरे होन अतिशय मोजके आहेत. कुणी अनोळखी माणूस फोनवरून होन विकत असेल तर ते नाणं पाहायलाही जाऊ नका.

जी नाणी पारखायचीही गरज नाही

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ सारखं साल आणि मागे राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेली तांब्यापितळेची नाणी बाजारात ढिगाने आहेत. कंपनीने अशी नाणी चलनात आणलेली नाहीत. ती पूजेसाठी केलेले देवस्थानी तुकडे किंवा सरळ बनावट वस्तू आहेत. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं म्हणून करोडोंना जाणारं नाणं ही तर निव्वळ फसवणूक, तिच्यात लोकांनी आयुष्यभराची कमाई घालवली आहे.

तुमच्याकडचं जुनं नाणं लाखांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे निरोप येतात. काहींवर रिझर्व्ह बँकेचं नावही असतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा दलाली मागत नाही.

भाव, पावती आणि कायदा

भाव ठरवताना खालून वर जा. ११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्के रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, ५० टक्केवाल्यात ५.८३ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या दराने गुणा, हा तळ. सर्वसाधारण सालाचं, झिजलेलं नाणं या तळाच्या आसपासच घ्यायचं. त्यावर मागितलेला प्रत्येक ज्यादा रुपया कशाचा आहे, साल, टांकसाळ की दर्जा, ते विक्रेत्याकडून वदवून घ्या आणि लिलावांच्या जुन्या निकालांशी ताडून पाहा. तिथे नाणं खरोखर कितीला गेलं ते दिसतं, जाहिरातीत नुसती मागितलेली किंमत दिसते.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जरूर फिरा, डोळा तयार होतो. पण तिथे परत कुणी घेत नाही, तेव्हा तिथे तेवढंच घ्या जेवढं गेलं तरी चालेल. ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे, कडेचा आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा असे चार फोटो मागा. पावतीवर साल, टांकसाळ, वजन आणि 'मूळ नाणं, बनावट ठरल्यास परत' हे शब्द लिहून घ्या.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. नांगरताना हंडा सापडला, त्यातली ही नाणी आहेत, असं कुणी सांगितलं आणि ते खोटं असेल तर माल बनावट. खरं असेल आणि वर्दी दिलेली नसेल, तर तो विकत घेणं तुम्हालाच गोत्यात आणतं. दोन्ही बाजूंनी नाही म्हणायचं.

नाणं घरी आणलं की त्याच दिवशी एका कागदी पाकिटावर वजन, व्यास, पाण्यातला आकडा, कुणाकडून आणि कितीला घेतलं ते लिहून ठेवा आणि चारही फोटो जपून ठेवा. परतीची वेळ आली तर हाच आधार. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात चांदी-तांब्याची नाणी ठेवू नका. ते पीव्हीसी असतं, काही महिन्यांत त्यातून हिरवट चिकट थर सुटतो आणि तो नाण्याला खातो.